रविवारी जमतंय का?

आमच्या बँडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा टाइप झालेलं वाक्य म्हणजे ‘रविवारी जमतंय का?’ गाण्यांबद्दल त्याच्या निम्मंही बोलणं होत नाही. ड्रमर हिंजवडीत आयटीत, गिटारवाला खराडीत शिफ्टमध्ये, गायिका शाळेत विज्ञान शिकवते आणि मी एरवी साइटवर उन्हात उभा असणारा सिव्हिल इंजिनियर. हिंजवडी आणि खराडी म्हणजे शहराची दोन टोकं, ती एकाच वाक्यात आली की पुणेकराला पुढचं सांगावं लागत नाही. कामाच्या दिवशी जमणं शक्यच नाही, शनिवारी कुणाचं तरी रिलीज असतं, म्हणून उरतो रविवार. आणि रविवारी कुणाची तरी मुंज असते.

मी बेस वाजवतो, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. लहानपणापासूनची ओढ वगैरे काही नाही. कॉलेजात तीन गिटारवाले होते आणि त्यातला कमी भांडणारा मी होतो, म्हणून बेस माझ्या गळ्यात पडला. 2010 मध्ये पुण्यात एनएच7 वीकेंडर हे संगीत फेस्टिव्हल सुरू झालं, तेव्हा आमच्या वयाच्या सगळ्यांनाच आपण स्टेजवर दिसायला लागलो होतो. पुढे नोकऱ्या लागल्या, गिटारी कपाटावर गेल्या. पस्तिशीत परत सुरुवात केली तेव्हा स्टेज वगैरे डोक्यात नव्हतं. हात अजून चालतात का, एवढंच बघायचं होतं.

पहिला प्रश्न जागेचा. गिटारवाल्याच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी होती. त्यानं भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. नेटवर दर दुसरा माणूस हे करायला सांगतो आणि त्याचा शेजाऱ्यांना काडीचा उपयोग होत नाही. ट्रेनं खोलीतला वरच्या सुरांचा घुमारा थोडा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, जड दार, एकही फट नाही. त्यात बेसची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झला वाजते आणि तिची एक लाट आठ मीटरहून लांब असते. पुठ्ठा तिला काय अडवणार! खालच्या मजल्यावरच्या आजींनी अगदी सौम्यपणे विचारलं, “वरती पिठाची गिरणी घेतलीत का हो?” त्यानंतर सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, ते तितकं सौम्य नव्हतं.

म्हणून जॅम रूम, म्हणजे तासावर भाड्यानं मिळणारी सरावाची खोली. सिंहगड रस्त्याला एका तळघरात, तासाला पाचशेच्या आसपास, ड्रमसेट आणि ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे स्पीकरचे खोके) तिथलेच. भिंतींवर जुने गालिचे, पावसाळ्यात त्यांना ओलसर वास, आणि दार लावलं की पंखा बंद करावा लागतो, कारण तो माइकमध्ये ऐकू येतो. दोन तास घ्यायचे. पहिला अर्धा तास वायरी जोडण्यात आणि ‘माझी केबल कुणी नेली’ यात जातो. रूमवाला दादा बारा वाजता दारावर दोन टकटक करतो आणि नेमकं तेव्हाच गाणं बसायला लागलेलं असतं.

आता आवाजाबद्दल सांगतो, कारण नवीन बँडची निम्मी भांडणं तिथून उठतात. ड्रमला आवाजाचं बटण नसतं. ड्रमर जेवढ्यानं मारेल तेवढा खोलीचा किमान आवाज ठरतो. मग गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही, तो ॲम्प वाढवतो. मग मी वाढवतो. मग ड्रमर आणखी जोरात मारतो. गायिकेच्या माइकचा आवाज वाढवला की तो शिट्टी मारायला लागतो, त्यामुळे ती बिचारी मध्ये उभी राहून ओठ हलवत असते. घरी जाताना कानात सूं चालू. कामाच्या जागेसाठीचा एक ठोकताळा मला साइटमुळे माहीत होता: 85 डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ड्रमसेट असलेल्या बंद खोलीत शंभर गाठणं अजिबात अवघड नाही. दुसऱ्याच रविवारी मी सगळ्यांना इअरप्लग आणून दिले. ड्रमरनं ते लावून बघितले आणि म्हणाला, “अरे, तू चुकीचं वाजवतोयस हे मला आज पहिल्यांदा कळलं.”

खरा फरक पडला तो एका प्लास्टिकच्या खुर्चीनं. गिटारचा ॲम्प जमिनीवर ठेवलेला असायचा आणि त्याचं तोंड गिटारवाल्याच्या गुडघ्यांकडे. ॲम्पचे तीक्ष्ण सूर सरळ रेषेत जातात. त्याच्या कानांपर्यंत ते पोचत नव्हते, समोर बारा फुटांवर उभ्या गायिकेला मात्र फोडून काढत होते. दादानं येऊन ॲम्प उचलला, खुर्चीवर ठेवला आणि मागे थोडा रेलून त्याचं तोंड वर केलं. गिटारवाल्यानं एक कॉर्ड मारली, दचकला, आणि आपणहून आवाज निम्म्यावर आणला. मीसुद्धा बेसचा खालचा घुम कमी करून मधले सूर वाढवले. एकट्यानं वाजवताना तो आवाज पातळ लागतो, पण सगळ्यांबरोबर पहिल्यांदाच प्रत्येक सूर मोजता आला. त्या दिवशी जुनंच एक इंग्रजी गाणं वाजवत होतो, शेकडो बँडनी झिजवलेलं. दुसऱ्या कडव्यात माझी बोटं आणि ड्रमरचा उजवा पाय, ज्यानं तो मोठा ड्रम वाजवतो, एकाच क्षणी पडायला लागले. दोन वेगळे आवाज राहिलेच नाहीत. ड्रमरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी हसलो, आणि त्या हसण्यात पुढचा बदल हुकला. या एका गोष्टीसाठी मी पुणं आडवं पार करून येतो.

पट्टीचं एक प्रकरण झालं. गायिका शास्त्रीय शिकलेली. तिनं आल्या आल्या सांगितलं, “माझी काळी चार,” म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा सा. गिटारवाल्याचा चेहरा पडला. रॉकची निम्मी मजा मोकळ्या तारांत आहे आणि काळी चारमध्ये एकही सोयीची मोकळी तार सापडत नाही. शेवटी सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या. बोटं पांढरी सहाच्या जागी ठेवायची, सूर काळी चारचा येतो. जगभरचे बँड गायकासाठी हेच करतात. पण आमच्याकडे त्यातून वेगळीच पंचाईत निघाली. त्या तळघरात अर्थिंग धड नव्हतं, त्यामुळे ॲम्पमधून सतत गुणगुण. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून गुणगुणही 50 ची. बेसवरची पांढरी पाच 49 ला येते आणि काळी चार जवळपास 52 ला. म्हणजे एमएसईबीचा सूर दोघींच्या मध्येच कुठेतरी. गायिका दोन गाण्यांच्या मध्ये थांबून म्हणायची, “तो तानपुरा बंद करा आधी, बेसूर आहे.”

जुलैपासून ड्रमर गायब होतो. तो ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो आणि गणपतीआधी महिना-दोन महिने नदीकाठी पथकाचा सराव असतो. तिथे त्याला उशीर चालत नाही, आमच्याकडे चालतो. पहिल्या वर्षी मी चिडलो होतो. अनंत चतुर्दशीनंतर तो परत आला तेव्हा त्याच्या मनगटात काहीतरी झालेलं होतं. स्नेअरवरचे, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवरचे, त्याचे रोल (सलग झपाट्याचे ठोके) आधी बादलीत खडे पडल्यासारखे यायचे, आता एकसंध यायला लागले. त्यानंतर पथकाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही.

मराठी गाणं करायचं कधी ठरलं ते आठवत नाही. इंग्रजी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवून कंटाळा आला होता हे खरं. गायिकेनं शब्द आणले. कागदावर छान होते, चालीत बसवले तर दर ओळीच्या शेवटी ‘आहे’ येऊन बसलेला. यमक फुकट जुळत होतं आणि गाणं भाषणासारखं वाटत होतं. शिवाय तिची सवय शब्द लांबवण्याची. भावगीतात ‘मनात’मधला ‘त’ हळूच सोडतात. रॉकमध्ये मागून स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला सणकन पडतो, तिथे तो हळूच सोडलेला ‘त’ चिरडून जातो. मग आम्ही उलटं केलं. व्यंजनावर तुटणारे शब्द शोधले, ‘थांब’, ‘बास’, ‘उठ’, आणि ते स्नेअरवरच ठेवले. क्रियापदं ओळीच्या शेवटून उचलून सुरुवातीला आणली. ‘वाट पाहतो आहे’चं ‘पाहतोय वाट’ झालं आणि तेवढ्यानं ओळ चालायला लागली. गाणं कशाबद्दल, तर गुरुवारबद्दल. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद, बऱ्याचदा पाणीही बंद, आणि वर्क फ्रॉम होम करणारा माणूस खिडकीत बसलाय. महान विषय नाही. पण मधल्या भागात सगळी वाद्यं एकदम बंद होतात आणि फक्त ड्रमरचा पाय चालू राहतो, तेव्हा पुण्यातल्या श्रोत्याला काय झालंय ते सांगावं लागत नाही.

कार्यक्रम मिळवणं हा वेगळाच ताप. एका आयोजकानं विचारलं, “मराठी आहे ना, मग लावणी रॉक करता का?” दुसऱ्यानं विचारलं, “तुमच्या पेजला फॉलोअर किती?” गाणं ऐकलंय असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. शेवटी एका रेस्टॉरंटच्या लॉनवर पाच बँडच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात चाळीस मिनिटं मिळाली. मानधन म्हणून जेवणाची कूपनं. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा कायदा, आणि आम्ही क्रमानं शेवटचे.

आधीच्या पिढीकडे याच्याही गोष्टी आहेत. 1986 ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव मुंबईच्या रंगभवनात पाहिलेली माणसं अजून त्या गर्दीबद्दल बोलतात. आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. नियमावर माझा राग नाही, खालच्या मजल्यावरच्या आजी मला आठवतात. राग येतो तो साडेसहाला सुरू होणारा कार्यक्रम पावणेआठला सुरू करणाऱ्यांचा. शिवाय प्रत्येक बँडनं आपलं साउंडचेक स्टेजवरच पुरवून पुरवून केलं. तिसऱ्या बँडच्या गिटारवाल्यानं फक्त गिटारचा आवाज बदलायची पेडल लावायला वीस मिनिटं घेतली. बघे पराठे खात होते.

आम्ही स्टेजवर चढलो तेव्हा दहाला अठरा मिनिटं कमी होती. साउंडवाल्यानं विचारलं, “काय काय कापायचं?” गायिका म्हणाली, “दादा, कव्हर सगळी काढा. आमची तीन वाजवतो, फक्त मॉनिटरमध्ये मला माझा आवाज द्या.” त्यानं स्टेजवर तिच्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमधून तो दिला. गुरुवारचं गाणं शेवटी ठेवलं होतं. मधे सगळं बंद झालं आणि फक्त पाय उरला, तेव्हा मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, “इन्व्हर्टर लावा!” आणि सगळं लॉन हसलं. आम्ही परत आत आलो ते त्या हशावरच, आणि इतकं एकत्र आम्ही जॅम रूममध्येही कधी आलो नव्हतो. दहाला दोन मिनिटं असताना साउंडवाल्यानं आवाज उतरवला. खाली उतरल्यावर एका काकांनी पाठ थोपटून विचारलं, “साखरपुड्याला वाजवता का हो? जुनी हिंदी?” कूपनं वापरायला गेलो, तर स्वयंपाकघर बंद झालेलं.

आता ते गाणं रेकॉर्ड करतोय. स्टुडिओत आधी मेट्रोनोमवर ड्रम, मग बेस, मग बाकीचे, म्हणजे चौघं एकाच वेळी खोलीत नसतो. सोय मोठी आहे, मजा कमी. अडलंय ते गतीवर. सरावात आम्ही ते मिनिटाला 96 ठोक्यांनी वाजवतो. लॉनवर कुणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग मोजलं तर 104 निघालं. ड्रमर म्हणतो 96, कारण त्यात ठेका बसतो. गायिका म्हणते 104, कारण लोक तेव्हा हसले. गिटारवाला दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणतो. मी 100 सुचवलं, तर दोघंही माझ्यावरच तुटून पडले. येत्या रविवारी यावर बसायचंय. अजून कुणी जमतंय म्हणून कळवलेलं नाही.