जुनी मोटरसायकल परवडते का?

“ताई, जुनी मोटरसायकल घ्यायची म्हणतोय. परवडेल का?”

हा प्रश्न मला सिग्नलला विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, बिल्डिंगच्या लिफ्टमध्येसुद्धा विचारतात. विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे असतात. माझी जुनी येझदी मोटरसायकल जिथे बनली तो मैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला, म्हणजे यांच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तरी गाडी दिसली की ते थांबतात, वाकून इंजिन बघतात, आणि मग हळूच किमतीचं विचारतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवडते. फक्त कुठली घेताय, कागद कसे आहेत आणि हाताला ग्रीस लागू द्यायची तुमची तयारी आहे का, हे आधी बघा.

किमतीच्या बाबतीत लोकांचा गोंधळ होतो तो दोन नावांमुळे. एक राजदूत 350. यामाहाच्या आरडी 350 वरून एस्कॉर्ट्सने ती 1983 मध्ये आणली. दोन सिलिंडर, सहा गियर, आणि ॲक्सिलरेटर पिळला की अंगावर येणारा वेग. त्या काळात ती फारशी खपली नाही. पेट्रोल फार पिते, किंमत जास्त, पार्ट महाग म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि थोड्याच वर्षांत ती बंद झाली. आज तीच गाडी लाखांत बोलते. दुसरी यामाहाचीच, 1985 ते 1996 या काळातली आरएक्स 100. वजनाने हलकी, 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद 11 बीएचपी. तिचेही भाव असेच चढलेत. या दोघींच्याच मागे लागलात तर हौस महागात जाईल.

पण मुंबईत अजून अशा कितीतरी गाड्या आहेत ज्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. राजदूत 175 घ्या. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी वापरलेली म्हणून तिला कधी मान मिळाला नाही, पण तिच्याइतकी सोशिक गाडी विरळा. ऐंशीच्या दशकातल्या इंड-सुझुकी आणि कावासाकी बजाजच्या शंभर सीसीच्या गाड्या घ्या. येझदी रोडकिंग घ्या. नव्या सव्वाशे सीसीच्या गाडीला ऑनरोड जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात कागदांसह चालती येझदी अजूनही शोधून मिळते. शोधायला मात्र वेळ द्यावा लागतो.

गाडी निवडताना मी आधी तिचे पार्ट कुठे मिळतील ते बघते. बुलेटचं उदाहरण सांगते. 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडातला रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना 1970 च्या सुमारास मिटला, पण इथे बुलेट बनतच राहिली आणि जुनं कास्ट आयर्नचं इंजिन अगदी 2010 च्या आसपासपर्यंत चाललं. म्हणून तिचा नट-बोल्टसुद्धा अडत नाही. येझदीचा कारखाना गेला, पण मालकांनी गाड्या सोडल्या नाहीत, त्यामुळे पिस्टन, रिंगा, केबल, रबरं छोटे कारखानदार अजून बनवतात. ऑपेरा हाऊसच्या स्पेअरच्या दुकानांत विचारावं, चोर बाजारात शुक्रवारी सकाळी लवकर जावं, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे तासभर उकरावं. तिथे न मिळालेलं ऑनलाइन मिळतं. परदेशी गाडीचं तसं नाही. महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या बीएसए, मॅचलेस, नॉर्टन आपल्याकडे बऱ्याच राहिल्या. त्या सुंदर आहेत, पण एका कार्बोरेटरसाठी (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) महिनोन्‌महिने थांबायची तयारी हवी. पहिलीच गाडी म्हणून मी त्या कुणाला सुचवणार नाही.

आणि जो पार्ट कुठेच मिळत नाही तो बनवून घेता येतो! जुन्या गाडीतली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. येझदी, राजदूतसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक, संपलं. सिलिंडर झिजला तर लेथवाल्याकडे द्यायचा, तो बोर करून म्हणजे आतून किंचित मोठा करून देतो आणि पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन बसतो. पुढे अर्धा, मग पाऊण, मग एक मिलिमीटर. म्हणजे एकच सिलिंडर तीन-चारदा नव्याने जगतो. झिजलेली बुशिंग पितळेची वळून मिळतात, तुटलेलं ॲल्युमिनियमचं कव्हर आर्गॉन वेल्डिंगने जोडून मिळतं. परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या, पण त्यांच्यासाठी काम करणाऱ्या वर्कशॉपमधले हात अजून काही गल्ल्यांत शिल्लक आहेत. अशा एका लेथवाल्या काकांकडे बसून मी मायक्रोमीटर धरायला शिकले. त्यांची मजुरी ऐकली तर नव्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल भरणाऱ्यांचा विश्वास बसणार नाही.

तरुण मुलं याच गोष्टीला भुलतात असं मला वाटतं. 1 एप्रिल 2020 ला बीएस 6 हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींमधून कार्बोरेटर गेला. आता गाडी बिघडली तर तिला संगणक जोडून विचारावं लागतं. जुनीचा कार्बोरेटर जमिनीवर पेपर पसरून उघडता येतो. जेट, फ्लोट, सुई समोर दिसतात. जेटमध्ये कचरा दिसला की तो काढायचा, परत बसवायचा आणि किक मारायची. बुलेटची किकसुद्धा शिकून घ्यावी लागते. आधी डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका, दाबून किक हळूहळू फिरवायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर सोडून द्यायचा, मग अंगाचा भार टाकायचा. येझदीत किकचा दांडाच पुढे वळवला की गियरचा होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो मला दर वेळी नवा वाटतो. ज्या यंत्रावर आपण बसतो ते आपल्याला समजतं, हे सुख फार मोठं आहे आणि ते प्रत्येकाला मिळावं.

आता कागद. इथे अजिबात घाई करू नका. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवून बघा. घासून, कागद ठेवून, पेन्सिलने ठसा घ्या. जुन्या गाड्यांची इंजिनं सर्रास बदललेली असतात. गाडी ज्यांच्या नावावर आहे ते हयात आहेत का, हेही विचारा. मालक हयात असतील तर फॉर्म 29 आणि 30 वर काम होतं. नसतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म 31 ने चढवावी लागते आणि चार भाऊ चार दिशांना असले की तिथेच सगळं अडतं. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी. “कागद नंतर करून देतो” म्हणणाऱ्याकडून कितीही देखणी गाडी असली तरी घेऊ नका.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं. 20 वर्षांवरच्या दुचाकीला त्याची फी 2025 पासून 2000 रुपये झाली आहे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. हा खर्च गृहीत धरूनच बजेट करा. काही जण म्हणतात, मग विंटेजमध्येच नोंदवू. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. त्याला 20,000 रुपये लागतात आणि मुदत 10 वर्षांची असते. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. माझं मत विचाराल तर साधी नोंदणी चालू असलेल्या गाडीची ती नोंदणी जिवापाड जपा. मोटरसायकल चालवण्यासाठी असते.

मुंबईचं म्हणून थोडं वेगळं सांगायला हवं. जुनी मोटार ठेवायला इथे जागा कुठे आहे? मोटरसायकल जिन्याखाली मावते, आणि या शहरात हा छंद वाढण्यामागे एवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे. पण समुद्राची खारी हवा क्रोमला आणि स्पोकला सोडत नाही, त्यामुळे फडका आणि तेल हाताशी हवं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं आणि जुनी रबरं खातं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. टाकीला आतून गंज चढू देऊ नका. पेट्रोलचे पाइप आणि कॉकची वॉशरं इथेनॉलला टिकणारी घाला. टू-स्ट्रोक असेल तर क्रँकची ऑइल सील घेतल्या घेतल्याच बदला. जुनी सील कडक होते, तिथून इंजिन हवा ओढतं आणि पिस्टन जाम होतो. सील स्वस्त आहे, पिस्टन नाही.

एकच गाडी असेल आणि रोज ऑफिस गाठायचं असेल तर घेऊ नका, तुमचे आणि तिचे दोघांचेही हाल होतील. लोकल आहे, मेट्रो आहे, आणि रविवारची पहाट गाडीसाठी आहे. पाच-साडेपाचला मरीन ड्राइव्ह मोकळा असतो.

अजून ठरत नसेल तर जुलैच्या दुसऱ्या रविवारपर्यंत थांबा. त्या दिवशी देशभर येझदीवाले आणि त्याच मैसूरच्या कारखान्यात आधी बनलेल्या जावाचे मालक गाड्या घेऊन एकत्र जमतात, मुंबईतही जमतात. कुणाही मालकाला विचारा, तो पार्ट कुठे मिळाले इथपासून सगळं सांगेल आणि बहुधा किकही मारू देईल. मी तिथे असतेच.