दादाची गोळी

दादाला अटॅक आला तो 2016 साली, गणपतीच्या तोंडावर. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं पडवीत तशीच टाकून आम्ही त्याला बांबोळीच्या इस्पितळात नेलं. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, घातला, दादा वाचला. घरी आला तेव्हा त्याच्या गोळ्यांत एक बारीकशी होती, 75 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. वहिनी म्हणाली, "रक्त पातळ राहतं, तूही घेत जा." आमची आई हृदयविकारानेच गेलेली, मला बासष्ट पूर्ण. फोंड्याच्या बाजारातून पट्टी आणली आणि रोज रात्री जेवण झालं की घ्यायला लागले. डॉक्टरांना विचारलंच नाही.

आठ वर्षं घेतली. हातांवर निळे डाग उठायचे, ते वयाचे म्हणून सोडून दिले. मग नागपंचमीला पातोळ्यांसाठी हळदीची पानं साफ करताना विळी अंगठ्याला लागली. एवढासा काप. हळद भरली, पदराने दाबून धरला, तरी अर्धा तास रक्त झिरपत होतं. पानांवर लाल थेंब पडले, ती पानं टाकून द्यावी लागली.

त्याच महिन्यात घराच्या चार पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. मी दोष दिला तिझनाला, नाचणीच्या पेजेला! सुनेने ऐकलं नाही, तपासायला नेलं. हिमोग्लोबिन 7.8, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात रक्त झिरपणारा व्रण.

डॉक्टरांनी कुठल्या गोळ्या घेता विचारलं. मी ब्लडप्रेशरची सांगितली, गुडघ्यांची सांगितली. ॲस्पिरिन सांगायचं सुचलंच नाही, कारण माझ्या लेखी ते तुळशीचं पान होतं. सून बोलली म्हणून कळलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. ही गोळी रक्तातल्या प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही. तिच्या तडाख्यात सापडलेली प्लेटलेट आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच राहते. जठराच्या अस्तराला जपणारी द्रव्यंही ती कमी करते, त्यामुळे गोळीला वरून आवरण असलं तरी धोका टळत नाही. त्यात गुडघ्यांची वेदनाशामक गोळी, म्हणजे दुहेरी मार.

2018 साली मोठ्या अभ्यासाचे निकाल आले होते, तेही त्यांनी सांगितले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली 19,114 माणसं, बहुतेक सत्तरीपुढची, आधी हृदयविकार न झालेली. निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. जवळजवळ पाच वर्षांत हृदयविकार काही ठळक कमी झाला नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला, शंभरात 2.8 वरून 3.8. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2022 पासून हृदयविकार न झालेल्यांनी साठीनंतर अशी गोळी नव्याने सुरू करू नका असंच सांगितलंय.

घरी आल्यावर दादाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग मीही आजपासून बंद करतो." माझ्या छातीत धस्स झालं. ज्याला अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, त्याला हीच गोळी पुढचा अटॅक टाळायला दिलेली असते. ती मनाने सोडली तर रक्ताची गुठळी होऊ शकते. मी मोठ्या भावावर पहिल्यांदा आवाज चढवला, "दादा, तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही."

आता रात्री नऊला मी त्याला फोन करते. तो गोळी घेतल्याचं सांगतो, मग मी माझी लोहाची घेते. तिनेही शौच काळं होतं, पण हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.