शिकारी काडतुसांचे लाकडी नमुने : बारावा उतरला आणि वहीतला हिशोब लागला

बारावा नमुना काल रात्री लेथवरून उतरला. काडतूस .५००/४६५ (नावांतले असे आकडे इंचातले). अंग हळदूच्या लाकडाचे, गोळी शिसवाची. मेणाचा शेवटचा हात तेवढा बाकी आहे. त्याच्या शेजारी फळीवर .४५० उभा केला तेव्हा दोन्हींची उंची जवळजवळ सारखी दिसली, आणि बरेच महिने अडलेली एक गोष्ट सुटल्याचे समाधान पुन्हा एकदा मिळाले. म्हणून आज सविस्तर लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच : मी शिकारी नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे तो विषय संपला आणि ते योग्यच झाले. २०२५ मध्ये शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान व्याघ्र प्रकल्प झाले तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. माझ्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, रिकामे काडतूससुद्धा नाही. मला ओढ आहे ती काडतुसांच्या मापांची आणि नावांची. ज्या काडतुसाची मापे खात्रीने मिळतात त्याचा लाकडी नमुना खऱ्या आकारात कातायचा, एवढाच हा छंद.

सुरुवात एका वहीने झाली. माझे पणजोबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका सरदारांच्या कोठीवर होते. त्यांची एक मोडीतली वही आत्याकडे आहे. तिच्यात दोन पाने काडतुसांची. डावीकडे आकडा : २७५, ३७५, ४०५, ४५०, ४६५, ४७५. उजवीकडे दोन-दोन आकडे : ४५० पुढे २-८, ४६५ पुढे २-८, ३७५ पुढे १-८. मी बरेच महिने ते रुपये-आणे समजत होतो. तेवढ्यावर मी भावांची एक यादीसुद्धा तयार केली, आणि ती पूर्ण चुकीची होती.

मधल्या काळात कामाची चूकही घडली होती. मी .२७५ रिग्बी आणि ७×५७ माउझर असे दोन वेगळे नमुने करायला घेतले. .२७५ ची गोळी बरोबर .२७५ इंच व्यासाची कातली. ती मानेत, म्हणजे काडतुसाच्या गोळी बसते त्या अरुंद तोंडात, सैल बसली. व्हर्नियरने तीनदा मोजले, लाकूड आक्रसले असेल म्हणून दुसरा तुकडा घेतला. मग नीट वाचल्यावर कळले की ही दोन नावे एकाच काडतुसाची आहेत. बंदुकीच्या नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात. खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर मोजले तर ७ मिलिमीटर, म्हणजेच .२७५ इंच. गोळी मात्र खाचांच्या तळापर्यंत भरते, म्हणून ती .२८४ ची. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ साली भेट मिळालेली रायफल हीच, .२७५ रिग्बी. जर्मन नाव धरा की इंग्रजी, काडतूस तेच.

तेव्हापासून माझा नियम : नावातल्या आकड्यावरून कधीही कातायला बसायचे नाही. .३०३ ची गोळी .३११ ते .३१२ ची असते. .४०४ जेफरीची .४२३ ची. .३०-३०, .३०-०६, .३०० सॅव्हेज, .३०८ विंचेस्टर या चौघांची गोळी एकाच व्यासाची, .३०८. लहान मापांत तर याहून गोंधळ : .२१८ बी, .२२० स्विफ्ट, .२२२ रेमिंग्टन, .२२३ रेमिंग्टन, .२२५ विंचेस्टर, सगळ्यांची गोळी .२२४. कारखान्याला आपला माल शेजारच्यापेक्षा वेगळा दाखवायचा असे, म्हणून आकडा एकाने सरकवायचा. मला या बाबतीत मेट्रिक पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. ७×५७ म्हटले की केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची, लांबी ५७ मिलिमीटर, हे तरी पक्के कळते; पुढे ‘आर’ असेल तर बुडाला कड आहे.

दुसऱ्या आकड्याचेही तसेच. .४५-७० मधले ७० म्हणजे बंदुकीच्या काळ्या दारूचे ७० ग्रेन (ग्रेन हे इंग्रजी बारीक वजन). .३०-०६ मधले ०६ म्हणजे १९०६ साल. .२५०-३००० मधले ३००० म्हणजे सेकंदाला इतके फूट वेग. अमेरिकन .२५-०६ म्हणजे .३०-०६ ची केस .२५ पर्यंत आवळलेली, आधी नवे माप, मग मूळ काडतूस. इंग्रज नेमके उलटे लिहितात : .५००/४६५ म्हणजे .५०० ची केस, तिची मान .४६५ ला आणलेली. हे एकदा डोक्यात बसले की जुन्या नावांची निम्मी भीती जाते.

आणि आपल्या ग्वाल्हेरकडे ‘बोर’ या एकाच शब्दात दोन उलट्या पद्धती नांदतात. बारा बोर म्हणजे नळीच्या व्यासाच्या बारा शिसगोळ्या मिळून एक पाउंड. त्यामुळे आकडा वाढला की भोक लहान. व्यास .७२९ इंच, साडेअठरा मिलिमीटर. पण बँकेच्या दारावरचा शिपाई ज्या रायफलीला ‘तीन सौ पंद्रह बोर’ म्हणतो तिथे .३१५ इंच, म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर, आणि इथे आकडा वाढला की भोक मोठे. हे .३१५ काडतूस मुळात ऑस्ट्रियन ८×५०आर मॅनलिखरच्या केसवरून आले. .३०३ हे फौजेचे माप, ते सामान्य माणसाला बंद. म्हणून इशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची रायफल केली. कायद्यामुळे काडतूस जन्माला येते याचे हे घरचे उदाहरण. दुसरे आमच्या वहीत सापडायचे होते.

दिवाळीत आत्याने वही पुन्हा वाचायला घेतली. २७५ च्या ओळीवर ती थांबली. म्हणाली, “अरे, हे आणे नाहीत. इथे पूर्ण लिहिलंय बघ, ९ मासे अडीच गुंजा. तोळे-मासे आहेत हे. तू सराफ्यात जाऊन विचार.”

सराफ्यात आमच्या ओळखीचे एक वयस्क सोनारकाका आहेत. त्यांनी कागदावर मांडून दिले : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. मग घरातला जॉर्ज पंचमचा चांदीचा रुपया काट्यावर ठेवला. ११.६६ ग्रॅम. “पूर्वी तोळा बघायला हाच टाकायचो पारड्यात,” म्हणाले.

घरी येऊन ग्रेनमध्ये बदलले आणि मी अक्षरशः उभा राहिलो. १८३५ पासून कंपनीचा रुपया १८० ग्रेनचा, तोळाही १८० ग्रेनचा. .३०-०६ ची सर्वांत ओळखीची गोळी १८० ग्रेनची. म्हणजे ती बरोबर एक तोळा, एक रुपया! मासा १५ ग्रेन. १५० ग्रेनची गोळी दहा मासे, १६५ ची अकरा. आपल्या सोनाराचे माप या कामाला इतके चपखल बसेल असे मला कधी वाटले नव्हते.

आता वही वाचता येऊ लागली. ९ मासे अडीच गुंजा म्हणजे जवळजवळ १४० ग्रेन, .२७५ रिग्बीची गोळी तीच. १ तोळा ८ मासे म्हणजे ३०० ग्रेन : .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची, १९१२ चे काडतूस. ४०५ पुढेही १-८ च आहे, कारण १९०४ च्या .४०५ विंचेस्टरची गोळीही ३०० ग्रेनची. दक्षिणेत शिकारी-लेखक केनेथ अँडरसन वापरत ते हेच. वजन एक, पण माझ्या फळीवर दोन्ही गोळ्या शेजारी ठेवल्या की फरक उघड दिसतो. .४०५ ची गोळी .४११ व्यासाची, आखूड आणि जाड. .३७५ ची सडपातळ, लांब. तेवढ्याच वजनाला पुढचे तोंड लहान असले की ती खोल जाते. त्यात वेगही जास्त, सेकंदाला साधारण २,५०० फूट विरुद्ध २,२००. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४० असे केले की फूट-पाउंडात जोर मिळतो : .३७५ चा सुमारे ४,२००, .४०५ चा ३,२००. .३७५ ला इतका मान का, ते मला कोष्टकापेक्षा या दोन लाकडी गोळ्यांनी जास्त चांगले पटवले.

आणि मग ४५० आणि ४६५. दोन्हींपुढे २-८, म्हणजे बरोबर ४८० ग्रेन. दोन वेगळी नावे, एकच वजन. वेगही एकच, २,१५० फूट. केसची लांबीही एकच, सव्वातीन इंच. रिग्बीचे .४५० नायट्रो एक्सप्रेस १८९८ चे. पण १९०७ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० मापाची आयात बंद केली. कारण फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .५७७/४५० ची, आणि तशा रायफली चोरून लोकांकडे पोहोचत होत्या. शिकाऱ्याची गोळी बंडखोराच्या हाती जाईल ही धास्ती. मग बंदूकवाल्यांनी तोच जोर कायम ठेवून माप थोडे सरकवले : .४६५, .४७०, .४७५. वाघ आणि गवा तेच, गोळीचे वजन जवळजवळ तेच, केवळ आकडा कायद्याच्या बाहेर. पणजोबांच्या वहीत ४५० ची ओळ आडवी खोडलेली आहे आणि ४६५ ची तिच्या खाली नव्या शाईत आहे. इतके दिवस मी त्या रेघेला शाईचा डाग समजत होतो.

कातकामाविषयी थोडे. .५००/४६५ चा खांदा, म्हणजे अंग मानेकडे निमुळते होते तो भाग, फार उतरता आहे, म्हणून छिन्नी शेवटपर्यंत हलकी धरावी लागते. पहिला तुकडा मानेशी चिरला. हळदू पूर्ण वाळलेलेच घ्या. वखारीत ओले देतात, ते पंधरा दिवसांत अंडाकृती होते.

उरला तो ४७५. पुढे पुन्हा २-८. पण ४८० ग्रेनचे .४७५ एकच नव्हते. एक सव्वातीन इंची, सरळ अंगाचे. दुसरे ‘नंबर २’, साडेतीन इंची, मान आवळलेले. वहीत लांबी नाही. आत्या म्हणते, मागच्या पानावर पुसट काही आहे, उन्हात धरून बघू. तोवर हळदूचे दोन तुकडे सारख्याच लांबीचे कापून ठेवलेत. सव्वातीनचा आधी घेतो. सरळ आहे, एका रविवारात होईल.