फ्रेमवर्क ओपन केलं एकदाचं, तेही ०.०.२ वर

टाकलं बाबा शेवटी नेटवर माझं फ्रेमवर्क, कोड सगळ्यांना खुला. सात-आठ महिने लॅपटॉपवरच पडून होतं, दर रविवारी वाटायचं राउटर (पानं बदलणारा भाग) नाही, डॉक्स नाहीत, लिस्टवाला बग आहे, एवढं झालं की टाकू, आणि तेवढं झालं की दुसरं काहीतरी निघायचंच. मग नागपुरात धरमपेठेत चहा पिता पिता मित्र म्हणाला, "काहून लपवून ठेवून राहिला बे? कोण चोरून नेते ते?" आता याला काय उत्तर देणार.

तर छोटं यूआय फ्रेमवर्क आहे, म्हणजे वेबपेजचा दिसणारा भाग बनवायचं साधन. व्हर्च्युअल डॉम (पेजची मेमरीतली नक्कल) नाही, सिग्नल (बदलल्या की स्वतःच कळवणाऱ्या व्हॅल्यू) आहेत. व्हॅल्यू बदलली की अख्खा कंपोनंट (पेजचा एक भाग) परत चालत नाही, ती जिथं दिसते तेवढाच टेक्स्ट नोड (मजकुराचा तुकडा) बदलतो. नवीन शोध वगैरे काही नाही, सॉलिड नावाच्या फ्रेमवर्कमध्ये हेच आहे, व्ह्यू या फ्रेमवर्कचा रेफ पण याच खानदानातला. टेम्प्लेटला जावास्क्रिप्टचेच टॅग्ड टेम्प्लेट, म्हणून वापरणाऱ्याला बिल्ड स्टेप (कोड आधी रूपांतरित करणं) नाही, स्क्रिप्ट टॅग टाका की सुरू.

डेमो म्हणून तर्री पोह्याच्या ठेल्याचं बिल बनवलं आणि त्यानंच घाम काढला (कूलर चालू असून). प्लेटा हा सिग्नल. त्यावरून दोन गोष्टी निघतात, पोह्याचे प्लेटमागे ३० आणि पार्सलचे ५, आणि दोन्ही मिळून एकूण. २ प्लेटांचे ७० बरोबर यायचे. ३ केल्या की ब्राउजरच्या कन्सोलमध्ये आधी १०० आणि मग १०५. म्हणजे पोह्याचे ९० झाले, पण पार्सलचे अजून जुनेच १० धरून बेरीज करून टाकली, नंतर पार्सल बदललं तेव्हा परत केली. स्क्रीनवर हे दिसतही नाही, पण तोच आकडा कुठं सेव्ह करत असाल तर मेलात. याला डायमंड प्रॉब्लेम म्हणतात हे मला दोन रात्री घालवल्यावर कळलं. आता प्लेटा बदलल्या की खालच्या सगळ्यांवर फक्त 'शिळं' असा शिक्का मारतो, हिशोब कोणी व्हॅल्यू मागितली तेव्हाच होतो, आणि इफेक्ट (व्हॅल्यू बदलल्यावर करायची कामं) सगळे जमा करून क्यू-मायक्रोटास्कमध्ये, म्हणजे चालू कोड संपल्या संपल्या, एकदाच चालतात. थेट १०५ येतात.

आता ०.०.१ कुठं गेलं ते. पॅकेज टाकलं एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजच्या ऑनलाइन भांडारात. मी डिस्ट फोल्डर (वापरायला तयार कोड) गिटइग्नोरमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फाइलींची यादी) टाकलेलं, ते तर सगळेच टाकतात, पण वेगळी एनपीएमइग्नोर फाइल नसली आणि पॅकेज जेसनमध्ये (पॅकेजची माहिती असते ती फाइल) फाइल्सची यादी पण नसली तर एनपीएम गिटइग्नोरच वाचतो. मोठ्या थाटात पब्लिश केलं, घरी संत्रा बर्फी वाटली, आणि पॅकेजमध्ये पाहतो तर कामाचं डिस्टच नाही. डबा पाठवला, आत नुसता रुमाल. तोच नंबर परत वापरता येत नाही, म्हणून ०.०.२. पब्लिशच्या आधी एनपीएम पॅक ड्राय-रन मारून पाहत जा, आत काय जाणार ते सगळं दाखवतो.

लायसन्स एमआयटी, म्हणजे कोड वापरायची जवळपास पूर्ण मोकळीक. २०१७ मध्ये फेसबुकच्या रिॲक्टच्या पेटंटवाल्या कलमावरून केवढा राडा झाला आणि शेवटी तेही एमआयटीवरच आले, मग मी कशाला डोकं लावू.

लिस्टला 'की' (कुठली ओळ कुठली ते ओळखायची खूण) अजून नाहीत. वरची ओळ उडवली की खालच्या इनपुटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच ओळीत दिसते, म्हणजे शर्माजींचं पार्सल देशमुखांना. सर्व्हर रेंडरिंगचं (पेज सर्व्हरवरच तयार करणं) नावच काढू नका. एपीआय (वापरायची फंक्शनं) बदलणार, नक्की बदलणार, त्यामुळे क्लायंटच्या कामात वापरू नका प्लीज. पण कोड सहाशे ओळींच्या आत आहे, एका बैठकीत वाचून होते, वाचून शिव्या घाला, इश्यू (तक्रार) मराठीत लिहिला तरी चालते. 'की'साठी जुने नोड मॅपमध्ये ठेवून हलवायचे असं डोक्यात आहे, कोणी केलं असेल तर सांगा, नाहीतर आज रात्री लाइट राहिली तर मीच बसतो.