मुलांच्या हाती गाडीची किल्ली देण्यापूर्वी

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत संध्याकाळी शिकवणीचे वर्ग सुटले की नववी-दहावीतली मुले तिघे-तिघे एका स्कूटरवर बसून निघतात, आणि ते पाहताना मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या आई-वडिलांची अधिक काळजी वाटते. हेल्मेट नसल्यास 1,000 रुपये, परवाना नसल्यास 5,000 रुपये, या मोटार वाहन कायद्यातील तरतुदी साधारणपणे सर्वांना ठाऊक असतात. राज्याने ठरवलेली तडजोडीची रक्कम, म्हणजे खटल्याऐवजी भरायचा दंड, काही बाबतींत याहून कमी असू शकते. मात्र 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199अ आपल्याकडे फारसे कोणी वाचलेले नसते.

या कलमानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच असते. रोज स्वतः किल्ली देणाऱ्याने ते कसे सिद्ध करावे?

‘सोळाव्या वर्षी चालते’ असे माझ्या शेजाऱ्यांनी मला सांगितले. ती सवलत 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी, तीही परवाना काढल्यावरच आहे, आणि घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर 100 सीसीच्या पुढच्या आहेत. आमच्या मुलीला मी सध्या केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसने पाठवतो.