डायल टोन ते काळी दोन

३१ जानेवारी २०२० ला दुपारी मी टेस्ट फोन, क्रोन टूल आणि खांबावर चढायचा पट्टा स्टोअरला जमा केला, रजिस्टरवर सही केली आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. त्या एका दिवशी बीएसएनएलमधून देशभरात ७८ हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली, त्यातला मी एक. वय ५३. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. केबलसाठी चर खणणारा मजूर म्हणून लागलो होतो, पुढे खात्याची परीक्षा देऊन टेलिकॉम मेकॅनिक झालो. म्हणजे मला जे येत होतं ते सगळं त्या तांब्याच्या तारेतच होतं, आणि तांब्याची तारच गावातून निघून चालली होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाची फसगत व्हायची. मला पेन्शन होतं. मुलगी नोकरीला लागलेली, घर स्वतःचं. पन्नाशीनंतर नवं काम शिकलेल्या माणसाला लोक 'किती धाडस!' म्हणतात. दर महिन्याला बँकेत पैसे येत असताना त्याला धाडस म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतं. हप्ते चालू असते तर मीही मुकाट्यानं कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर वही घेऊन बसलो असतो.

काम शोधलं नाही असं नाही. फायबरच्या एका ठेकेदाराकडे गेलो. त्यानं आयटीआयचा दाखला मागितला. म्हटलं, "तीस वर्षं जॉइंट मारलेत." तो म्हणाला, "काका, फॉर्ममध्ये तो कॉलमच नाही." मेव्हण्यानं विमा एजंट व्हायला सांगितलं. त्याच्या परीक्षेची मला भीती नव्हती, ओळखीच्या लोकांची होती. मला बघून त्यांनी रस्ता बदलला असता.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, मधेच आली. वडील भजनी मंडळात वाजवायचे. ते गेल्यावर त्यांची पेटी पंधरा वर्षं माळ्यावर पडून होती. रिकाम्या हातांनी एक दिवस खाली काढली तर भात्याची घडी उंदरांनी कुरतडलेली, निम्म्या पट्ट्या बसलेल्या, आणि एक सूर असा लागून राहिलेला की भाता हलवला की घरभर भोंगा. सौ. म्हणाली, "एकतर नीट करून आणा, नाहीतर पुन्हा वर ठेवा." गाडीला बांधून मिरजेला नेली.

मिरज सतारींची. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज मुळात शिकलगार, तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम बसलं तसे ते भोपळ्याकडे आणि तारेकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तलवार सोडून तंबोरा धरणाऱ्या त्या पहिल्या माणसाला कुणी दाखला मागितला असेल का, हे नंतर मनात बऱ्याचदा आलं. त्या दिवशी मात्र मी फक्त पेटी दुरुस्त करणारा शोधत होतो, आणि तो एका बोळात, आठ बाय दहाच्या दुकानात सापडला. वय असेल अडतीस.

दुसऱ्या खेपेला पेटी आणायला गेलो तेव्हा तो सूर मिळवत बसला होता. पेटीत एका पट्टीला बहुतेक दोन-दोन सूर असतात, म्हणजे थरथरत्या जिभेचे पितळी तुकडे, खालचा खर्ज आणि वरचा नर, एक सप्तक अंतरावर. ते नेमके जुळले नाहीत की आवाजात लहर येते, वॅंव-वॅंव-वॅंव. त्यानं एक पट्टी दाबली आणि पुढच्या पट्टीवर गेला. मी न राहवून म्हटलं, "आधीचीत अजून लहर आहे." त्यानं परत दाबली. ऐकलं. सेकंदाला एक, इतकी संथ.

"वाजवता?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

आता हे सांगायला सोपं नाही. आपल्याकडचा डायल टोन म्हणजे ४०० हर्ट्झचा सूर, त्यावर २५ हर्ट्झची थरथर. तीस वर्षं खांबावर, रस्त्याकडेच्या केबलच्या डब्यापाशी, भर पावसात कानाला टेस्ट फोन लावून मी तो ऐकला. तो जरा मळला की ओल कुठे शिरली, कुठला जॉइंट कुजला याचा अंदाज यायचा. त्या दिवशी त्या दुरुस्तीवाल्या उस्तादांनी मोबाईलमधल्या ट्यूनरवर काढून दाखवलं, ४०० म्हणजे पांढरी पाचच्या थोडा वर आणि काळी चारच्या बराच खाली. पेटीवरच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या अशा आकड्यांनी ओळखतात. कुठल्याच पट्टीत न बसणारा सूर. तो मी आयुष्यभर घोकला होता, आणि मला वाटत होतं मला गाण्यातलं काही कळत नाही.

"काका, रिकामे असाल तर येऊन बसत जा," ते म्हणाले. पगार नाही, फी नाही.

त्यांना काय म्हणायचं हा पहिला घोळ. ते मला काका म्हणत. पंधरा वर्षांनी लहान माणसाला मी नुसत्या नावानं हाक मारू शकलो असतो, पण ज्याच्याकडून शिकायचं त्याला एकेरी? जिभेला वळण पडायला आठवडा गेला, मग उस्ताद म्हणू लागलो. पहिला महिना मी फक्त पितळी सूर पुसले. ३९ पट्ट्यांची तीन सुरी पेटी म्हणजे ११७ सूर. एकेक सुटा करायचा, मऊ ब्रशनं झाडायचा, जिभेखालून पातळ कागद फिरवायचा, परत त्याच जागी बसवायचा. जागा चुकली की सगळं मुसळ केरात. जुने सहकारी बाजारात भेटले की विचारायचे, "सध्या काय?" मी म्हणायचो, "पेट्या पुसतो." ते हसायचे, मीही हसायचो, आणि घरी आल्यावर जेवण जायचं नाही.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मिरज बंद, बोळ बंद. उस्तादांनी फोनवर सांगितलं, वडिलांच्या पेटीवर हात साफ करा, बिघडली तर तुमचीच आहे. ती मी बिघडवलीच.

सूर मिळवायचा म्हणजे पितळेची जीभ घासायची. टोकाशी घासली की टोक हलकं होतं आणि सूर चढतो. बुडाशी घासली की कमान सैल पडते आणि सूर उतरतो. इतकं सोपं गणित. जिभेखाली पोलादाची पातळ पट्टी सरकवून आधार द्यायचा आणि वरून हलक्या हातानं दोन-तीन रेघा मारायच्या. वरच्या सप्तकातला एक सूर मला चढवायचा होता. टोकाशी घासलं, जास्त चढला. मग बुडाशी घासलं, जास्त उतरला. परत टोक. परत बूड. तासाभरानं ती जीभ इतकी पातळ झाली की भाता दाबल्यावर एकदा किंचाळली आणि बुडातून तुटून पडली. वडिलांच्या हाताखाली वाजलेली जीभ. तुकडा अजून डबीत आहे.

उस्तादांना सांगितल्यावर ते म्हणाले, "काका, घासल्यावर पितळ गरम असतं. गरम असतं तेव्हा खोटं बोलतं." घासल्याबरोबर सूर थोडा उतरलेला दिसतो, गार झाला की वर सरकतो. मी गरम सुराचं ऐकून घासत सुटलो होतो. तेव्हापासून नियम केला, दोन रेघा, मग चहा.

दुसरी चूक फेविकॉलची. भात्याला नवं चामडं लावताना सरस शिजवायचा कंटाळा केला. सरसाला वास येतो, सौ. ओरडते. फेविकॉल छान चिकटला. सहा महिन्यांनी तोच सांधा उघडायची वेळ आली तेव्हा चामड्याबरोबर लाकडाची सालटंही निघाली. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. पेटी पुढेमागे कुणीतरी पुन्हा उघडणार, हे धरूनच ती बंद करावी लागते.

धंदा मिळाला तो एका विचित्र कारणानं. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही, पालख्या एसटीनं पंढरपूरला गेल्या. गावोगावची भजनं बंद, पेट्या देवळाच्या खोलीत. न वाजणारी पेटी वाजणाऱ्या पेटीपेक्षा लवकर मरते. झुरळं शिरतात, चामडं आखडतं, ओल धरून लाकूड फुगतं. २०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू होणार म्हटल्यावर मे महिन्यात उस्तादांच्या दुकानात पेट्यांवर पेट्या. भात्याची आणि पट्ट्यांची कामं त्यांनी माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. एक बुवा पिकअपमधून तीन पेट्या घेऊन थेट घरी आले. "काय वो, तुमीच का ते फोनवालं? आमची पेटी बसलीया. दिंडी निघायच्या आत उठली पायजे." पहिल्या पेटीचे मी ३०० रुपये सांगितले. बुवांनी ५०० ठेवले आणि म्हणाले, "३०० ला केल्यालं काम आमाला नको."

दाखला त्यांनीही विचारला नाही. एक पट्टी दाबून ठेवली, डोळे मिटले आणि 'रूप पाहता लोचनी' धरलं. परीक्षा ती तेवढीच.

पण सगळेच बुवा नसतात. गावातल्या शास्त्रीय शिकवणाऱ्या एका बाईंची पेटी मी ॲपवर सगळे दिवे हिरवे करून दिली. इतकी चोख मिळवलेली पेटी मी तोवर दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन आला, "गांधार चढा आहे." मी ॲपचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ॲपला तंबोरा ऐकू येतो का?" गेलो. त्यांनी तंबोरा लावला आणि म्हणाल्या, ऐका. षड्जाच्या तारेतून आपोआप एक गांधार उमटत होता, माझ्या पेटीतल्यापेक्षा खाली. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ॲपचा गांधार षड्जापासून ४०० सेंटवर, तंबोऱ्यातला साधारण ३८६ वर. कागदावर १४ सेंट म्हणजे काहीच नाही, आणि एकदा ऐकू आलं की सुटका नाही. पेटीवरचा हा आरोप जुनाच. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला बाहेर काढलं त्यामागे हेही एक कारण होतं, आणि बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या बाईंची पेटी मी त्यांच्या काळी चारच्या षड्जाला धरून, तंबोऱ्यासमोर बसून मिळवली. अडीच दिवस लागले. पैसे त्यांनी एका दिवसाचे दिले, आणि मला ते बरोबर वाटलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी आधारवर, फुकट, ऑनलाइन होते. मुलीनं पंधरा मिनिटांत केली. शिक्षणाचा दाखला जोडावा लागला नाही. पुढे पीएम विश्वकर्मा योजना आली तेव्हा आशेनं यादी पाहिली. १८ कारागिरी आहेत, न्हावी, कुंभार, फुलांचे हार करणारे, मासेमारीची जाळी विणणारे, बाहुल्या करणारे. वाद्यवाला नाही. सुतार म्हणून अर्ज करा असं एकानं सुचवलं. पण रंध्याला मी कधी हात लावला नाही, आणि खोटं लिहून पंधरा हजारांची हत्यारं घ्यायची माझ्या सरकारी मनाला झेपेना. माझी हत्यारं तशीही फार नाहीत. बारीक स्क्रूड्रायव्हर, घासून केलेलं करवतीचं पातं, पोलादी पट्ट्या, ब्रश, सरसाचं भांडं. लाकडाचं मोठं काम आलं की आजही उस्तादांकडे पाठवतो.

कमाई विचाराल तर पेन्शनच्या पाव हिस्सा, वारीच्या आधीचे दोन महिने निम्मी. पावसात पट्ट्या फुगून अडकतात तेव्हा फोन सतत वाजतो, थंडीत कुत्रं विचारत नाही. यावर घर चालवायचं तर रोज एक पेटी हातावेगळी करावी लागेल, आणि तेवढ्या पेट्या या तालुक्यात नाहीत. वाजवायला मात्र मला अजून येत नाही. लोकांना ते विचित्र वाटतं. बोलायला येत नव्हतं तरी फोन दुरुस्त करत होतोच की, असं मी म्हणतो. विनोद फारसा जमलेला नाही, पण ग्राहक हसतात.

सध्या टेबलावर एक जुनी दोन सुरी पेटी आहे, खाली कागद, कागदावर पितळेचा सोनेरी भुगा. काल संध्याकाळी काळी दोनचा नर मिळवला, खर्जाशी एकजीव झाला, लहर नाही. आज सकाळी भाता दाबला तर वॅंव, सेकंदाला दोन. रात्रीत वर सरकलाय. पातं उचललं, परत ठेवलं, आणि सौ.ला म्हटलं, चहा टाक.