रोजकीर्द आणि खतावणी

"दिवाणजी, राजकारणात एवढा सगळा राडा चाललाय आन् तुम्ही पुस्तक घेऊन बसता. डोकं फिरत नाही का तुमचं?"

सांगलीच्या मार्केट यार्डात हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदाची, वाट बघत बसलेला तासगावकडचा शेतकरी विचारतो, कधी शेजारच्या गाळ्यातला अडत्या. सगळ्यांत जास्त वेळा आमच्या मालकांचा पुतण्या विचारतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

डोकं फिरतं, हे आधी कबूल करतो. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार फुटून सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. झाडी-डोंगार-हाटेलवालं ते फोनवरचं बोलणं यार्डात हमालांपासून मालकांपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. मीही पोट धरून हसलो. पण रात्री एकला उठून टीव्ही लावायचो. बायको म्हणाली, "तुमचा आमदार हाय का त्यात कोण?" त्याच आठवड्यात एका शेतकऱ्याच्या पट्टीत माझ्या हातून एक पोतं कमी धरलं गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मालक एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

चूक शोधताना वह्या काढल्या आणि आपलाच धंदा आपण विसरलो हे ध्यानात आलं. अडतीच्या दुकानात रोजकीर्द असते आणि खतावणी असते. दिवसभरात जे घडेल ते रोजकीर्दीत उतरतं, घडेल त्या क्रमानं. तेच आकडे खतावणीत माणसाच्या नावावर जातात, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, म्हणजे त्याच्याकडून येणं. हळदीच्या सौद्याच्या दिवशीची नुसती रोजकीर्द कुणी वाचली तर त्याला वाटेल पेढी बुडाली, कारण त्या दिवशी पैसा नुसता बाहेर जात असतो. टीव्ही ही रोजकीर्द. तीसुद्धा दर दहा मिनिटांनी तीच नोंद पुन्हा लिहिणारी. असा दिवाणजी आम्ही दोन दिवस ठेवला नसता.

मग मी राज्यघटना आणली आणि दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची, काढली. पहिल्या वाचनात काही कळलं नाही. चौथ्यांदा कळलं. 1967 मध्ये हरियाणात एका आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, 'आयाराम गयाराम' तिथूनच आलं. त्यावर कायदा झाला 1985 साली, बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर चालेल अशी फट राहिली होती. ती बुजवली 2003 च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीनं. म्हणजे पहिलं भोक बुजायला 18 वर्षं, दुसरं बुजायला आणखी 18. त्या हिशेबानं तिसरं 2021 लाच बुजायला हवं होतं, असो. हे वाचून मला आनंद वगैरे झाला नाही. पण त्या रात्री झोप लागली. संतापाला काही करता येत नाही. फट कुठं आहे ते कळलं की निदान बोट ठेवता येतं.

आशा देणारी पुस्तकं म्हणून जी मिळतात, ती मला मानवत नाहीत. घरात होती चार-पाच, भेट आलेली. आम्ही गावभागात राहतो. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली (45 ला धोक्याची पातळी), तेव्हा ती पुस्तकं गेली. पुराची तेवढीच कृपा. बाकीची जाताना मात्र जीव तुटला. भिजलेली पुस्तकं फुगून कपाटात अशी घट्ट बसली होती की कपाटच फोडावं लागलं. नगर वाचनालयात तर दीडशे वर्षांची जमवाजमव चिखलात गेली. त्यानंतर चार महिने झाले नाहीत तोवर नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी. ओल अजून भिंतीत होती आणि लोक फोन नाचवत होते.

दहावी अनुसूची वाचली त्याच्या नंतरच्या उन्हाळ्यात मी आपल्याच मुलखाची खतावणी वाचायला घेतली. 1975 च्या डिसेंबरातलं कराडचं साहित्य संमेलन. आणीबाणी चालू. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. त्यांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्या सभेला उभं राहून प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. आणि त्या संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणीबाणी लावणाऱ्या सरकारातले केंद्रीय मंत्री. हेच यशवंतराव 1932 साली त्याच कराडात झेंडा लावला म्हणून 18 महिन्यांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेले होते. एकाच नावाचं पान, जमा आणि नावे दोन्ही बाजू भरलेल्या. आमच्याकडे लोक एकच बाजू वाचतात आणि भांडतात.

मुलखाचं खातंही तसंच आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलं. 1943 ते 46, इंग्रज असताना इथल्या गावागावांत लोकांनी न्यायनिवाडे चालवले. ऐकताना छाती फुगायची. पण 1948 मध्ये गांधीजींच्या खुनानंतर याच सातारा-सांगली पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, हे आजीनं कधी सांगितलं नाही. मी ते चाळिशीत, पुस्तकातच वाचलं. दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. दोन वर्षांत एवढा फरक, आणि तोच मुलूख, कदाचित काही ठिकाणी तीच माणसं.

तर मग यातून आशा कसली, असं पुतण्यानं विचारलं. मी म्हटलं, नावेच्या बाजूला एवढं लिहिलेलं असूनही त्यानंतर याच गावांत शाळा निघाल्या, वाचनालयं निघाली, लोक पुन्हा शेजारी राहिले. कुणी तरी रोज काही तरी जमेला टाकत राहिलं. टाकणाऱ्याला तेव्हा बाकी कुठं माहीत होती? पोरगं म्हणालं, "हे भाषण झालं, दिवाणजी." खरं होतं. मी गप्प बसलो आणि दहावी अनुसूची त्याच्या हातात दिली.

आठ दिवसांनी घेऊन आला. पानांना हळदीचे डाग. म्हणाला, "दोन तृतीयांश आमदार विलीन झाले तर चालतं म्हणतात. पण पक्ष विलीन झाला हे ठरवायचं कुणी? आमदारांनी का पक्षानं?" मला धड सांगता येईना. मग त्यानंच शिवसेनेच्या फुटीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा 11 मे 2023 चा निकाल झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. जाडजूड, इंग्रजीतला. आता रविवारी बाजार बंद असतो तेव्हा आम्ही गाळ्याचं अर्धं शटर उघडून बसतो. इंग्रजी त्याचं, शब्दकोश माझा. काल सतराव्या पानापर्यंत आलो.